वस्तूचे रूप : अलंकार की भाषा?

मिरजेहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जयसिंगपूर हे गाव लागते. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ १९१७ साली ही बाजारपेठ वसविली. आपल्याकडील बहुतेक गावे वडासारखी वाढली. ओढ्याच्या काठी चार घरे झाली, देवळाभोवती आणखी आठ झाली, आणि पायवाटांचेच पुढे बोळ झाले. जयसिंगपूरची गोष्ट निराळी. ते आधी कागदावर उमटले आणि मग भूमीवर उतरले. परस्परांस काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्याची खूण आहे. 'सहावी गल्ली' एवढे सांगितले की परगावच्या पाहुण्यास घर सापडते. पाचवीनंतर सहावी येणार हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. ज्याने हे गाव आखले त्याने त्यास नटविले असे कोणी म्हणणार नाही. त्याने गावास बोलके केले, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी ती आखणी रोज शेकडो माणसांचे हेलपाटे वाचवीत आहे.

गावाच्या आखणीविषयी जे सत्य, तेच घरातील लहानमोठ्या वस्तूंविषयीही सत्य आहे. हा विषय आज मुद्दाम काढण्यास कारण आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार उपस्थित होत असतो. बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला डिझाइनचे शिक्षण घ्यावयाचे आहे." यावर घरातील वडील मंडळी म्हणतात, "चित्रे काढून का कोठे पोट भरते? वस्तू बनविणारा तो इंजिनिअर. रंगरंगोटी करणाऱ्यास त्यात कितीसे स्थान?" इकडे मुलांचीही समजूत पुष्कळदा अशी असते की, मोबाइलच्या पडद्यावर मोहक रंग भरले आणि ठसठशीत अक्षरे मांडली की वस्तुरचनाकाराचे, म्हणजे ज्यास आज 'प्रॉडक्ट डिझायनर' म्हणतात त्याचे, कार्य संपले. वादात दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध उभे दिसतात. परंतु बारकाईने पाहिल्यास दोघांची श्रद्धा एकच आहे. रूप म्हणजे वस्तूच्या अंगावर शेवटी चढविलेला दागिना, असे दोघेही धरून चालतात. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

चित्रशाळेतून कारखान्याकडे

या प्रश्नाचे उत्तर देणारे एक चरित्र आपल्या दक्षिण महाराष्ट्रातच घडून गेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचे नाव घेताच नांगर, चरक आणि पंप डोळ्यांपुढे येतात. परंतु त्यांच्या आयुष्याचा आरंभ चित्रकलेपासून झाला होता, ही गोष्ट तितकीशी ध्यानात घेतली जात नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ते चित्रकला शिकावयास गेले. तेथे असे आढळून आले की, काही रंगांमधील भेद त्यांच्या दृष्टीस उमगत नाही. चित्रकाराच्या वाटेवर याहून मोठी धोंड ती कोणती? त्यांनी रंग सोडले; रेषा मात्र सोडली नाही. यांत्रिक रेखाटनात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले.

पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक असेल. १८८८ साली बेळगावी सायकलींचे दुकान निघाले, मग कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळील माळरान दिले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे पंतप्रतिनिधी स्वतः नामांकित चित्रकार होते. रेषेचे मोल जाणणाऱ्या राजाने रेषेवर जगणाऱ्या कारखानदारास जागा दिली, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

यांत्रिक रेखाटन म्हणजे तरी काय? अद्याप जन्मास न आलेली वस्तू समोरून कशी दिसेल, वरून कशी दिसेल, मधोमध कापली असता तिच्या पोटात काय दिसेल, हे कागदावर बिनचूक दाखविणे. दिसणारी कड अखंड रेषेने आणि आड गेलेली कड तुटक रेषेने काढावयाची, हा त्याचा साधा नियम. त्या कागदावरून सुतार लाकडी साचा करतो, त्या साच्यावरून ओतारी लोखंड ओततो. रेषा चुकली तर लोखंड वाया जाते. ज्यास रंगांनी दगा दिला त्या पुरुषाने रेषेच्या बळावर एवढा कारखाना उभारला, यावरून दृश्यरचना म्हणजे रंगरंगोटी नव्हे, इतके तरी सिद्ध होण्यास हरकत नाही.

परंतु या चरित्राचा दुसराही एक धडा आहे. तो लोखंडी नांगर उत्तम असूनही आरंभी कोणी घेईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची भावना होती आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. डोळ्यांस लोखंड दिसत होते आणि मनास विष दिसत होते. वस्तू पाहणारा मनुष्य कोऱ्या डोळ्यांनी कधीच पाहत नसतो. त्याच्या डोळ्यांमागे त्याची परंपरा, भीती आणि सवय बसलेली असते. वस्तुरचनाकारास वस्तूचे चित्र काढावयाचे असते हे खरे, पण त्याआधी या पाहणाऱ्या मनाचे चित्र त्यास काढता आले पाहिजे.

तीन जणांचे डोळे

वस्तूकडे तीन प्रकारचे लोक तीन दृष्टींनी पाहतात. पहिला कारागीर; त्यास ती कशी बनवावी हे कळावयास हवे. दुसरा ग्राहक, त्यास ती घ्यावी असे वाटावयास हवे. तिसरा प्रत्यक्ष वापरणारा. त्यास ती चालवावी कशी हे उमजावयास हवे. दृश्यरचनेने या तिघांशी बोलावयाचे असते.

एकत्र कुटुंबात ग्राहक आणि वापरणारा हे पुष्कळदा निरनिराळे असतात. गॅसची शेगडी मुलगा पसंत करतो, स्वयंपाक सासूसुना करतात. मोबाइल नातू निवडतो, वापरावयाचा असतो आजोबांनी. दुकानातील झगझगीत प्रकाशात जी वस्तू देखणी वाटली, तीच ओट्यावर आल्यावर वैरीण होते, याचे कारण हेच. विकणाऱ्याच्या दृष्टीने तिचे रूप ग्राहकासाठी घडविलेले असते. वापरणारीचा विचार त्यात शेवटी केलेला असतो, किंवा केलेलाच नसतो.

शेगडीचेच उदाहरण घेऊ. चार बर्नर चौकोनात मांडलेले आणि त्यांची चार बटणे समोर एका ओळीत. मागच्या डाव्या बर्नरचे बटण कोणते? गृहिणी अंदाजाने एक फिरविते, ज्योत भलतीकडेच लागते, आणि ती स्वतःसच दोष देते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली नित्योपयोगी वस्तूंच्या रचनेवर लिहिलेल्या ग्रंथात नेमक्या या शेगडीची मीमांसा केली आहे. त्यांचे म्हणणे असे की, बर्नरांच्या मांडणीशी बटणांची मांडणी जुळविली तर खुणांची, चिठ्ठ्यांची गरजच उरत नाही. अशा ठिकाणी चूक स्वयंपाक करणारीची नसते. शेगडी मुकी असते. आपल्या घरांतून ज्येष्ठ मंडळी "आम्हांला आता हे जमायचे नाही" असे म्हणून एखादे यंत्र बाजूस सारतात, तेव्हा दहांतून निदान काही वेळा तरी हा विचार मनात आणावा. त्या शब्दांमागे अपमान गिळलेला असतो, आणि तो अपमान पुष्कळदा निष्कारण असतो.

रंगाच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. तांबडा आणि हिरवा यांतील भेद न कळण्याचा दोष बहुधा आनुवंशिक असून तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. एखाद्या उपकरणावर एकच दिवा असावा, तो बिघाड असता तांबडा आणि सारे ठीक असता हिरवा व्हावा, अशी रचना केली तर या माणसांस ती काहीच सांगत नाही. रेल्वेच्या जुन्या हात-सिग्नलची रचना पाहावी. दिवसा पट्टी आडवी असली की थांबा, हा अर्थ रंगाशिवायही कळत असे. रात्री दिव्याचा रंग बोले. एकच गोष्ट दोन खुणांनी सांगावी, म्हणजे एक खूण निकामी झाली तरी दुसरी उभी राहते. लक्ष्मणराव किर्लोस्करांसारखा दृष्टिदोष असलेला मनुष्य आपल्या घरातही असू शकेल, एवढे भान प्रत्येक वस्तुरचनाकाराने ठेविले पाहिजे.

आपली लिपी आणि परका साचा

पूर्वी वस्तू म्हटली की लाकूड, पितळ, लोखंड असे काही तरी हातात येत असे. आज पडद्यावरील ॲप हीही एक वस्तूच झाली आहे. विजेचे बिल, बँकेचे व्यवहार, आगगाडीचे तिकीट ही सारी कामे तीमधून होतात. तेव्हा या वस्तूचे मराठी रूप कसे असते, याकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

पुष्कळ ॲपांची आखणी प्रथम रोमन अक्षरे गृहीत धरून होते आणि मागाहून त्यात मराठी शब्द ओतले जातात. येथेच घोटाळा होतो. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेखाली लोंबतात. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार रेषेच्या वर जातात, उकार आणि ऋकार खाली उतरतात. म्हणून दोन ओळींमध्ये रोमनपेक्षा अधिक अंतर लागते. ते न दिल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो, किंवा बटणाच्या कडेवर कापलाच जातो. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक केवढा, पण अक्षर बारीक केले की तो डोळ्यांस दिसेनासा होतो. मराठीचे 'ल' आणि 'श' हिंदीतील वळणाहून निराळे आहेत. तेही पुष्कळदा हिंदी वळणाचेच पुढे येतात. वाचणारा वाचून नेतो, परंतु परक्याच्या घरी जेवावयास बसल्याप्रमाणे त्यास संकोच वाटत राहतो.

या क्षेत्रात आपल्या माणसांनी मोठे काम केलेले आहे. सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टंक घडविला आणि तो 'विंडोज २०००' बरोबर देशभर पोहोचला. कोट्यवधी लोकांनी संगणकावर आपली लिपी प्रथम पाहिली ती त्या रूपात. २०१० साली भारत सरकारने स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह मुंबईच्या आय. आय. टी. मधील संशोधक डी. उदय कुमार यांचे. त्यात देवनागरी 'र', त्याची शिरोरेषा आणि रोमन 'आर' यांचा मेळ आहे. चिन्ह चारपाच रेषांचे. पण परकीयास ते चलन वाटावे आणि आपल्यास ते आपले वाटावे, अशी दुहेरी कामगिरी त्या रेषा बजावतात. यास केवळ शोभा म्हणण्याचे धाडस आम्हांस होणार नाही.

जेथे डोळ्यांनी मागे सरावे

रूपाची एवढी थोरवी सांगितल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जयसिंगपूरच्या किंवा कोणत्याही गावच्या बाजारात भाजीवाल्याच्या पाटीशेजारी आता एक लहानशी पेटी दिसते. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून मोबाइलवरून पैसे देण्याची चाल वाढली. परंतु विक्रेत्याचे हात मातीने किंवा पाण्याने भरलेले, डोळे तराजूवर, समोर चार गिऱ्हाइके. त्याने प्रत्येक वेळी पडदा कोठून पाहावा? म्हणून पेटी बोलते आणि किती रुपये मिळाले ते मोठ्याने सांगते. सुंदरातील सुंदर पडदा आखूनही जे साधले नसते, ते एका आवाजाने साधले. चांगला वस्तुरचनाकार तो, ज्यास डोळ्यांनी कोठे मागे सरावे आणि कानांस पुढे करावे हे कळते.

दुसरे उदाहरण आमच्या कोल्हापूरच्या पायताणाचे. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच घाटाची पायताणे मांडली, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता. येथे ओरड झाल्यावर, आपणांस भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा मिळाली, हे कंपनीने मान्य केले. श्रेयाचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी एक बोध आहे. त्या चपलेचा घाट कोणा एकाने बसून काढलेला नाही. वनस्पतींच्या अर्काने कमावलेले कातडे, हाताने घातलेली शिवण, तापलेली वाट आणि रोजचे चालणे यांनी मिळून तो ठरविला. १९५८ साली भारत सरकारसाठी अहवाल लिहिताना चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने आपल्या साध्या लोट्याची अशीच थोरवी गायिली होती. तो हातात कसा बसतो, डोक्यावर किंवा कमरेवर कसा तोलला जातो, पाणी त्यातून कसे ओतले जाते, आतून घासण्यास किती सोपा, या साऱ्यांचे उत्तर म्हणजे त्याचा आकार. त्या अहवालातूनच पुढे १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. घाट उचलून नेता येतो. ज्या प्रश्नांचे तो उत्तर आहे ते प्रश्न उचलून नेता येत नाहीत.

रूपाचे सोंग

जे रूप खरे सांगू शकते ते खोटेही सांगू शकते, हे कुटुंबातील कर्त्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवावे. पडद्यावर 'होय' हे बटण मोठे आणि ठळक, 'नको' मात्र फिक्या, बारीक अक्षरांत कोपऱ्यात. वस्तू एक घेतली, टोपलीत न सांगता दुसरी आली. 'दोनच नग शिल्लक' म्हणून उगीच घाई. सदस्य होण्याची वाट रुंद, बाहेर पडण्याची वाट काटेरी. हे अपघाताने घडत नाही. कोणा कुशल हातानेच ते आखलेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या असून त्यांत असे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत.

या तेरांपैकी कित्येकांत दृश्यरचनेचाच हात आहे. अक्षर किती मोठे, रंग किती गडद, कोणती गोष्ट वर आणि कोणती खाली, एवढ्यावर एखाद्या पेन्शनरच्या खात्यातून महिन्याचे महिने पैसे जात राहतात. म्हणून या विद्येस केवळ कौशल्य पुरत नाही, शीलही लागते. वैद्याच्या हातात विष असते तसे रचनाकाराच्या हातात माणसाचे लक्ष असते.

घरातल्या मुलांसाठी

आता त्या बारावीच्या मुलाकडे वळू. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये १९६९ साली औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले. त्याचे आद्य सूत्रधार प्रा. सुधाकर नाडकर्णी हेही लक्ष्मणरावांप्रमाणे जे. जे. कलाशाळेतूनच आलेले होते. पुढे त्यांनी जर्मनीत उल्म येथे शिक्षण घेतले. पदवीच्या प्रवेशासाठी आय. आय. टी. मुंबई २०१५ पासून 'यूसीड' ही परीक्षा घेत आली आहे आणि तीत रेखाटनाचीही कसोटी लागते. तेव्हा हा मार्ग नवखा किंवा उपाशी मारणारा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

परंतु परवानगी देण्याआधी वडील मंडळींनी मुलाच्या चित्रांची वही पाहावी, तशीच त्याची नजरही पारखावी. आजीस औषधाच्या कोणत्या पाकिटाची अक्षरे वाचता येत नाहीत, हे त्याने कधी पाहिले आहे काय? शेगडीचे कोणते बटण आईकडून पुनःपुन्हा चुकते, हे त्याच्या लक्षात आले आहे काय? आठवडाभर त्याने घरातल्या अशा दहा अडचणी टिपून आणाव्यात आणि त्यांतील एकीवर तरी स्वतःच्या हाताने उपाय करून दाखवावा. औषधांच्या डब्यावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढला तरी चालेल. मात्र आजीने तो डबा कोणास न विचारता वापरला पाहिजे. ही परीक्षा जो उतरेल त्यास अवश्य धाडावे. ज्यास केवळ चित्र सुंदर काढता येते त्यानेही निराश होऊ नये. चित्रकलेचा स्वतंत्र आणि थोर मार्ग त्यास मोकळा आहे. पण तो मार्ग निराळा, हे आरंभीच समजलेले बरे.

अलंकार काढून ठेविला तरी मनुष्य तोच राहतो. वाणी गेली तर त्याचा व्यवहार थांबतो. वस्तूचे रूप या दोहोंपैकी कशासारखे आहे, याचा निर्णय आम्ही वाचकांवर सोपवितो. तो करण्यास फार लांब जावे लागणार नाही. आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून घटकाभर पाहिले तरी पुरे.